बाईनं सांगितलेले पिक्चर

पिक्चर सुटला तेव्हा भंडाऱ्यात दुपारचे साडेतीन वाजले होते. एवढ्या उन्हात बाहेर आल्यावर कुणाचेही डोळे मिटतात, पण त्या दिवशी माणसं आतूनच डोळे पुसत येत होती. माझ्या भावाची मुलगी रिद्धी दाराशी मोबाइल धरून उभी राहिली. ती तिच्या पानावर असले व्हिडिओ टाकते. नवा पिक्चर लागला की पहिल्याच दिवशी जायचं आणि सुटताना लोकांना विचारायचं, कसा वाटला.

"फार रडवलं बाप्पा," अड्याळहून आलेला एक म्हातारा म्हणाला. त्याच्या गळ्यात दुपट्टा होता, त्याच्या टोकानं तो नाक पुसत होता. "असा कौटुंबिक पिक्चर किती वर्सानं आला."

एक नवी नवरी म्हणाली, "हा सासूबाईंसोबत पाहायला पाहिजे." तिच्या मागून आवाज आला, "मी सोबतच आहो." लोक हसले.

पँटशर्टातला एक जण म्हणाला, "गाने कमी आहेत. पन शेवट एक नंबर. थोरली बहीण आंगनात येते आन सगळं घर तिच्या पाया पडते, तिथं मी नाही थांबू शकलो."

मग रिद्धीनं मोबाइल आपल्या बापाकडे, म्हणजे माझ्या दादाकडे वळवला. दादा आता बासष्ट वर्षांचा आहे. त्यानं खिशातला रुमाल काढला, चष्मा उतरवला, परत लावला. "एकच सांगतो," तो म्हणाला, "ज्या भावानं बहिनीले टाकलं तो भाऊच नाही. आपली मानसं आपलीच असतेत. सगळ्यायनं आपल्या घरच्यायले घेऊन हा पिक्चर पाहा." त्यानं पुन्हा रुमाल डोळ्यांना लावला. बाजूच्या दोनतीन बायकांनी माना हलवल्या.

"आत्या, तुम्ही?" रिद्धीनं मला विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले. "फॅमिली पिक्चर आहे."

आम्ही चौघं आलो होतो. दादा, वहिनी, रिद्धी आणि नागपूरहून चार दिवसांसाठी आलेली मी. आमची थोरली बहीण पवनीला घरी होती. तिला आम्ही बाई म्हणतो. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. सकाळी निघताना वहिनी म्हणाली होती, तीन तास बसणं तिच्यानं होत नाही. बाईला कुणी विचारलं नव्हतं. ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर लसूण सोलत होती आणि आमच्याकडे पाहतही नव्हती.

थिएटरच्या पायरीवर लोण्याच्या पॉपकॉर्नचा वास येत होता. आमच्या गावच्या टॉकीजला फुटाण्यांचा वास होता. फुटाणे, विडीचा धूर, ओल्या तरटाचा वास आणि मागच्या भिंतीची घाण, हे सगळं मिळून जे व्हायचं त्याला मी लहानपणी पिक्चरचाच वास समजायची. मशीन चालू झाल्याचा तो खरखर आवाज. रीळ तुटलं की खालच्या वर्गातल्या शिट्ट्या. पंखा फिरायचा तो फक्त आवाजापुरता. बायकांच्या बाकांवर बाई माझा हात आपल्या मांडीवर धरून बसायची, आणि तिची मांडी मला लाकडासारखी कठीण लागायची.

ती तशी का होती ते सांगायला हवं. आमचं घर कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणाऱ्यांचं. बाबा मागावर बसायचे. आंगणात मोठ्या भांड्यात कोसे शिजायचे, त्याचा वास इतका उग्र की पहिल्यांदा येणारा माणूस पदर नाकाला लावायचा; आम्हाला तो भातासारखा होता. शिजलेल्या कोशांतून धागा ओढायचा आणि तो उघड्या मांडीवर तळव्यानं घासून वळायचा. हे काम बायकांचं. बाई एकोणिसाव्या वर्षी बपेऱ्याला दिली, एकविसाव्या वर्षी एका पत्र्याच्या पेटीसकट परत आली, आणि आल्या दिवसापासून कोशांच्या टोपलीशी बसली. ती का परत आली ते आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही. मला ते आजही पुरतं माहीत नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मला एवढंच आठवतं की पेटी उतरवायला कुणी उठलं नाही, तिनंच ती ओढत आत नेली आणि फरशीवर एक पांढरी रेघ उमटली.

तिला एकच नाद होता, पिक्चरचा. त्यातही घरादाराचा पिक्चर. सासू, सून, दीर, धाकटी नणंद, हरवलेला भाऊ. मारामारीचा पिक्चर तिला चालत नसे. आई तिला दर शनिवारी पाठवायची, कारण ती परत आली की गल्लीतल्या बायका आमच्या आंगणात जमायच्या. त्यांना घरून परवानगी नसायची. बाई जाऊन पाहायची आणि त्या बाईकडून ऐकायच्या.

तिच्यासारखं सांगणं मी आजवर कुणाकडे ऐकलं नाही. एका हातानं कोशातून तार ओढत, दुसरा तळवा मांडीवर फिरवत ती बोलायची. "मंग ते सून उभी राहते दारात. बाहेर पानी पडून राहिलं. सासू म्हंते, एक पाऊल टाकलं तं याद राख." भांडण आलं की तळवा झपझप फिरायचा. गाणं आलं की मंद व्हायचा. गाणं ती म्हणायची नाही, फक्त सांगायची, की आता ते दोघं नावेत बसले आहेत आणि पाणी हिरवं आहे. बायकांच्या डोळ्यांना धार लागायची. चैत्रात जंगलाकडून मोहाच्या फुलांचा गोड, जड वास यायचा आणि त्या वासात त्या रडायच्या. पावसाळ्यात छपरीत दाटीवाटीनं बसून रडायच्या. बाई स्वतः कधी रडली नाही. तिचा धागा तुटायचा नाही.

गोष्ट संपली की प्रत्येकीचं मत. "त्या सुनेनं पहिल्याच दिवशी तोंड उघडाले पायजे होतं." "नवराच नामर्द, सुनेचा काय दोष?" "मी असती तं ठेवून घेतलं असतं बाप्पा तिले. अशी गुनाची पोरगी."

हे शेवटचं बोलणाऱ्या आमच्या शेजारच्या गंगाकाकू. त्यांची सून तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती. एकदा अशीच गोष्ट संपली, सगळ्या उठल्या, बाई पाण्याचा गडू घेऊन त्या सुनेकडे गेली. गंगाकाकूंचे डोळे अजून ओले होते. त्यांनी झटकन सुनेचा पदर तिच्या पोटावर ओढला, तिला दंडाला धरून बाजूला केलं आणि म्हणाल्या, "तहान नाही लागली तिले." बाईनं ते पाणी तुळशीत ओतलं. दुसऱ्या शनिवारी गंगाकाकू पुन्हा सर्वांत आधी येऊन बसल्या आणि बाईनं त्यांना पिक्चर सांगितला.

मी वेगळी होते असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. कॉलेजात गेल्यावर मी मैत्रिणींना बाईची नक्कल करून दाखवायची. पदर असा मागं सारायचा, मांडीवर हात घासायचा आणि म्हणायचं, "मंग तो हिरो म्हंते..." पोरी बाकावर आडव्या व्हायच्या. एके दिवशी मी नक्कल करत असताना त्या एकाएकी गप्प झाल्या. मागं वळून पाहिलं तर बाई माझा विसरलेला डबा घेऊन दाराशी उभी होती. ती हसली. "हात उलटा फिरवून राहिली तू," ती म्हणाली. "उलटा फिरवला तं धागा उकलते." डबा ठेवून गेली. त्या दुपारी मी तो डबा सगळ्यांत वाटून खाल्ला.

तेविसाव्या वर्षी माझं जमलं. नागपूरचं घर, मुलगा बँकेत. दादानं आमची माहिती लिहून पाठवली त्यात लिहिलं होतं, एक भाऊ, एक बहीण. बहीण म्हणजे मी. ते पत्र मी टपालाच्या पेटीत पडण्याआधी वाचलं होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याच घरी ठरलं, रविवारी. आदल्या दिवशी आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"बाईले काय करावं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"उद्या विचारलं कोणी, हे कोण, तं काय सांगू? माहेरी येऊन बसली म्हनून सांगू? दाराशी आलेले पावणे परत जातीन." आईनं माझा हात धरला. "तूच बोल तिच्यासंगं. तुझं ऐकते ते."

बाईला कुठं पाठवायचं हे मला सुचलं. आईला नाही, दादाला नाही, मला. मी टॉकीजवर गेले आणि मॅनेजरकडून दोन तिकिटं घेऊन आले, बाराच्या खेळाचं आणि तीनच्या खेळाचं.

"बाई, नवा पिक्चर लागला आहे," मी म्हणाले. "घरादाराचा आहे. तुले आवडते तसा."

तिनं तिकिटं उजेडात धरून पाहिली. "एकच पिक्चर दोनदा?"

"आवडला तं."

तिनं तिकिटं पदराला बांधली. मग म्हणाली, "कढीगोळे करून जाऊ काय? पावण्यायले आवडतीन. आईच्या हातचे फुटतेत."

रविवारी पहाटेपासून ती चुलीशी होती. साडेअकराला तिनं हात धुतले आणि जांभळ्या काठाची एक साडी नेसून आली. ती साडी तिनं माझ्या साक्षगंधासाठी म्हणून जपून ठेवली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आईनं मान फिरवली. माझे हात मेंदीचे होते म्हणून बाईनंच माझ्या कपाळावरचा केस मागं सारला आणि मागच्या दारानं गेली. मी खिडकीतून पाहिलं. ती भरभर चालत होती, खेळाला उशीर झालेल्या माणसासारखी.

पाहुणे आले. हसणं, अत्तर, पानं वाढणं. माझी होणारी सासू कढीचा दुसरा वाडगा घेत म्हणाली, "गोळे फार सुरेख झालेत. कोणी केले?"

"हिनंच," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

मी खाली पाहून हसले. नवरीनं जसं हसायचं तसं.

दिवेलागणीला बाई परत आली तेव्हा पाहुणे जाऊन तास झाला होता आणि आंगणात गल्लीतल्या बायका माझी अंगठी पाहायला जमल्या होत्या. गंगाकाकूंनीच विचारलं, "काय वं, पिक्चर पाहून आली? सांग ना कसा होता." मला वाटलं, ती आत जाईल. ती बसली. टोपली ओढली, साडी वर सारून मांडी उघडी केली आणि सांगू लागली.

दोघी बहिणींचा पिक्चर होता. धाकटीचं साक्षगंध असतं. थोरली पहाटे उठून सगळं करते. पाहुणे येतात तेव्हा धाकटी बापाला म्हणते, माझी बहीण आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. सासरचे उठून जायला निघतात. धाकटी हलत नाही. शेवटी नवऱ्या मुलाची आई स्वतः स्वयंपाकघरात जाते, थोरलीचे राखेनं भरलेले हात आपल्या पदरानं पुसते आणि तिला बाहेर आणते. मग गाणं. बाईचा तळवा मांडीवर इतका हळू फिरत होता की फिरतो आहे की नाही ते कळत नव्हतं.

सगळ्या रडल्या. आई रडली. मीही रडले, आणि रडताना मला वाटलं, सुटले, ती रागावली नाही.

आठवड्यानं गंगाकाकूंना त्यांच्या मुलानं तोच पिक्चर दाखवला. त्या तिथून थेट आमच्याकडे आल्या. "कायची बहीण न् कायचं साक्षगंध! दोन भावायच्या जमिनीचा पिक्चर आहे. त्यात एकही बहीण नाही! कायले लबाड बोलली वं?"

आईनंही विचारलं, "काहून खोटं सांगतलं?"

बाई कोसे निवडत होती. "पिक्चर चांगला नव्हता," ती म्हणाली. "म्हनून दुसरा सांगतला."

लोक हसले. बाईचा पिक्चर, हा आमच्या घरात शब्दच झाला. कुणी थाप मारली की दादा म्हणायचा, "हा बाईचा पिक्चर दिसते." मी सासरहून आले की मीही म्हणायची. बायका हळूहळू यायच्या बंद झाल्या. गल्लीत टीव्ही आले, त्यात सगळं घरबसल्या दिसू लागलं. बाईनं त्यानंतर कुणाला पिक्चर सांगितला नाही, आणि टॉकीजलाही गेली नाही. लग्न नागपूरला झालं तेव्हा घर राखायला ती मागं राहिली.

लग्नानंतर सहा वर्षांनी माझ्या नवऱ्याला बाईबद्दल कळलं. वर्तमानपत्र वाचता वाचता तो म्हणाला, "सांगितलं असतं तरी काय झालं असतं? आईला काही वाटलं नसतं. तिची स्वतःची मावशी तशीच होती." आणि त्यानं पान उलटलं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तो कितीतरी वेळ चालू ठेवला.

टॉकीज आता नाही. तिथं मंगल कार्यालय झालं आहे. आमचा माग विकला. कोशांचा वास घराच्या भिंतीतून गेला, निदान मला येत नाही. बाईच्या हातांच्या बोटांना गाठी झाल्या आहेत. मागच्या खोलीत एक खाट, एक कोनाडा आणि ती पत्र्याची पेटी, एवढं तिचं आहे.

हे सगळं परतीच्या वाटेवर गाडीत माझ्या मनात येत होतं. दादा पुढं बसला होता. त्याचे डोळे अजून लाल होते आणि तो मधूनमधून म्हणत होता, "काय काम केलं त्या बहिनीनं!" रिद्धी मोबाइलवर आपला व्हिडिओ जोडत होती. अड्याळ मागं पडलं तसं वहिनी माझ्याकडे सरकली.

"ताई, एक काम होतं."

"बोला ना."

"रिद्धीले पाहाले येऊन राहिले. पुण्याची नोकरी आहे मुलाची." तिनं आवाज उतरवला. "तुम्ही बाईले घेऊन जाता काय नागपूरले? चार-आठ दिवस. तिलेही बरं वाटीन. तुमच्यासंगं जमते तिचं."

रिद्धीनं कानातला इअरफोन काढला. "मोठी आत्या राहिली तर काय होते, आई?"

"तुले नाही समजत. लोक धा प्रश्न विचारतेत."

रिद्धीनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन म्हणून ती थांबली होती, हे मला स्पष्ट दिसलं. दादा पुढं पाहत होता. त्याची मान ताठ झाली होती, म्हणजे त्याला ऐकू येत होतं. मी म्हणू शकले असते की नाही. पंचावन्न उलटलेल्या, शाळेत पोरांना शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारखीला नाही म्हणायला काय लागतं? वहिनीनं माझ्या हातावर हात ठेवला होता, गाडीत गारवा होता, सगळे नुकतेच रडून मऊ झाले होते.

"विचारते तिला," मी म्हणाले.

रिद्धीनं इअरफोन परत कानात घातला.

घरी पोचलो तेव्हा बाईनं चहा टाकला होता. तो घेऊन मी मागच्या खोलीत गेले. ती खाटेवर बसली होती. तिचा पाय लुगड्याबाहेर आला होता आणि मांडीवर काळा, गुळगुळीत पट्टा दिसत होता. धागा वळून वीस वर्षं झाली असतील, पण तिथं पुन्हा साधी कातडी आलीच नाही.

मी तिच्या शेजारी बसले. रस्ताभर मी आवाज तयार करत आले होते, सहज, हसरा.

"बाई, माझ्यासोबत नागपूरला चल ना. किती दिवस झाले, तू आलीच नाहीस माझ्याकडे. आराम कर. आपण दोघी राहू, गप्पा मारू."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी रडले असते, माफी मागितली असती, आणि आमच्या घरात रडण्याची सगळ्यांना सवय आहे. ती बसची वेळ विचारावी तशी म्हणाली,

"पावणे कधी येनार हायेत?"

बाहेर आंगणात रिद्धीच्या मोबाइलमधून माणसांचे आवाज येत होते. फार रडवलं बाप्पा. शेवट एक नंबर.

"रविवारी," मी म्हणाले.

बाईनं मान हलवली आणि खाटेखालून पेटी ओढायला वाकली. मी उठले नाही. तिनं ती एकटीनंच बाहेर काढली.